मनात असेल तर पाटावर बसा

स्वामीसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कूलरच्या ताटीतला जुना वाळा उपसत होते. सोलापुरात उन्हाळा दाराशी आला की हे काम करावंच लागतं, आणि मी ते दुसऱ्याकडून करून घेत नाही, कारण दुसरा माणूस वाळा कमी भरतो. फोन त्यांच्या मुलीचा होता, महादेवीचा. "बाई, अप्पा गेले," एवढं म्हणाली. अंघोळ करून आले, चहा मागितला, खुर्चीत बसले आणि... पुढचं तिला बोलवेना. मी म्हटलं, "येते." फोन ठेवला आणि परत ताटीपाशी बसले. उरलेला वाळा काढला, नवा भरला, तार आवळली, पाणी मारून पाहिलं. मग हात धुतले आणि निघाले. लोक सांगतात, बातमी ऐकली आणि पायाखालची जमीन सरकली. माझी काही सरकली नाही. रिक्षावाला नेहमीच्या खड्ड्यांतून नेहमीसारखा गेला, मी त्याला नेहमीसारखं हळू चालवायला सांगितलं. आज इतके आठवडे झाले, तरी आत काही हललेलं नाही. दाताच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं चाललं आहे.

होटगी रस्त्यावरच्या त्यांच्या घरी पोचले तेव्हा त्यांना बसवलेलं होतं. लिंगायतांमध्ये, त्यातून जंगमांच्या घरी, माणसाला आडवं नेत नाहीत. भिंतीला टेकवून, मांडी घालून, कपाळभर विभूती लावून बसवतात आणि तसंच बसवून माती देतात. ज्याच्या गळ्यात जन्मभर चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं त्याच्या डाव्या तळहातावर ते ठेवतात, कारण रोज सकाळी त्याच तळहातावर घेऊन तो त्याची पूजा करत आलेला असतो. सर बसलेले पाहून मला क्षणभर वाटलं, आता म्हणतील, "बाई, उशीर केलात." ते काही म्हणाले नाहीत. मांडीवरच्या हातावर भगवं वस्त्र होतं, त्यावर बेलाची पानं. त्या वस्त्राखाली काय असणार ते मला ठाऊक होतं, आणि ते तिथं असायला नको होतं हेही ठाऊक होतं. त्या भरल्या घरात ही गोष्ट मला एकटीलाच माहीत आहे, असं मी धरून चालले होते. सरांनीच ती मला सांगितली होती, आमच्या शेवटच्या भेटीत. बोलावं की गप्प बसावं हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, पुढंही बरेच दिवस आलं नाही. पुरवणीच्या संपादकांनी दोनदा विचारूनही हा लेख लांबला तो त्यामुळंच.

त्यांचं पूर्ण नाव चन्नबसय्या, पण शाळेत ते कुणी घेत नसे. पोरं त्यांना स्वामीसर म्हणायची, आम्हीही तेच म्हणायचो. अक्कलकोटच्या पलीकडचं गाव, घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि फळ्यावर बेरीज करताना ओठांत हळूच ओंदु, एरडु, मूरु. शिकवायचे गणित. घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्यांचं जंगमपण, त्यामुळं रविवारी आणि श्रावणात अंगावर धाबळी घेऊन यजमानांकडं अभिषेकाला, वास्तुशांतीला, लग्नाला जायचे. सोमवारी तोच माणूस खडू घेऊन वर्गात. आम्ही चेष्टा करायचो, "सर, काल देव, आज भूमिती. गोंधळ होत नाही का?" तर म्हणायचे, "दोन्हीकडं आधी गृहीत धरायचं असतं की बाई. भूमितीत बिंदू धरतो, तिकडं देव धरतो. पुढचं सरळ असतं." हे ते हसून म्हणायचे, पण चेष्टेनं नाही.

मी नागरिकशास्त्र आणि इतिहास शिकवायची आणि देव मानत नव्हते. आमचं घर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. आमच्यात देवाला बकरं देतात. ते देताना एक रीत आहे. बकऱ्याला देवापुढं उभं करतात, अंगावर पाणी ओततात आणि त्यानं अंग झाडायची वाट बघतात. त्यानं अंग झाडलं की देवानं ते घेतलं. झाडलं नाही तर देव राजी नाही, कापायचं नाही. एका वर्षी मी राखलेलं बकरं उभं होतं आणि ते काही केल्या अंग झाडेना. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, देव नको म्हणतोय, आता हे माझ्याबरोबर परत येणार. तर माझ्या वडिलांनी आणखी एक कळशी ओतली, मग आणखी एक, कानात ओतलं, नाकावर ओतलं. शेवटी ते थरथरलं. "घेतलं की देवानं," वडील म्हणाले, आणि सगळ्यांनी भंडारा उधळला. वडील वाईट नव्हते. पावणेरावळे जेवायचे खोळंबले होते, एवढंच. पण त्या दिवसापासून देव म्हटलं की मला ती कळशी दिसते. शिक्षकांच्या खोलीत हे मी एकदा सांगितलं, तेव्हा कुणी हसलं, कुणी मला समजावायला लागलं. स्वामीसर तेवढे गप्प होते. घंटा झाली तेव्हा उठता उठता म्हणाले, "थंड पाण्यानं कुणीबी अंग झाडतं बाई. त्याला कौल म्हणत न्हाईत."

मी मुख्याध्यापिका झाले त्या वर्षीची गोष्ट. आमच्या शाळेत श्रावणातल्या एका सोमवारी सभागृहात महादेवाला अभिषेक व्हायचा. मुख्याध्यापक सपत्नीक पाटावर बसायचे, पूजा स्वामीसर सांगायचे, नंतर सगळ्यांना शिरा. मी लग्न केलेलं नव्हतं. तरीही बाईंना एकटीला पाटावर बसवायचं, असं संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवलं, आणि हा आपला केवढा मोठेपणा, असा एकंदर सूर होता. मी आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं की पूजा खुशाल करा, मी सभागृहात हजर राहीन, पाटावर बसणार नाही. कुणी ते मनावर घेतलं नाही. बायका असं म्हणतातच, मग बसतात, असं त्यांना वाटलं असावं. सोमवारी मुलं रांगेत बसली, समई लागली, सर पळी-पंचपात्र मांडून तयार, पाट समोर, आणि मी उभीच. कुजबुज सुरू झाली. मुलांसमोर तमाशा नको म्हणून अध्यक्ष माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलले. अगदी गोड बोलले, ते सांगायला हवं.

"बाई, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. पळीला हात लावल्यासारखं करायचं. तुमच्या मनात काय आहे ते कोण बघायला बसलंय?"

"मी बसलोय की," खालून स्वामीसर म्हणाले.

अध्यक्ष चमकले. सर माझ्याकडं वळले. मुलं ऐकत होती, शिपाई ऐकत होते, शिरा ढवळणाऱ्या बायका दारात येऊन ऐकत होत्या. "बाई, मनात हाय का?" त्यांनी विचारलं. असं विचारलं, जसं वर्गात एखाद्या पोराला विचारायचे, उदाहरण कळलंय का, खरं सांग, न्हाई कळलं तर न्हाई म्हण.

"नाही सर."

"मग बसू नका." ते उठले, पाट उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला. मग अध्यक्षांना हात जोडून म्हणाले, "साहेब, ज्याच्या मनात न्हाई त्याच्या हातून मी पूजा घेत न्हाई. त्यात माणसाचा अपमान हाय आणि देवाचाबी. तुमच्या मनात असंल तर तुमी बसा, मी लगेच सुरू करतो." अध्यक्ष बसले नाहीत. निघून गेले. मुलांना शिरा मिळाला, अभिषेक मात्र त्या सोमवारी झाला नाही. पुढच्या सोमवारी दुसरे स्वामी आले, पाटावर उपमुख्याध्यापक बसले, आणि आमच्या सरांना त्यानंतर शाळेनं पूजेला कधी बोलावलं नाही.

मला त्यांचे आभार मानायचे होते. मधल्या सुट्टीत गेले तर ते डबा उघडून कडक भाकरी मोडत होते. म्हणाले, "तुमच्यासाठी न्हाई केलं बाई. माझ्यासाठी केलं. तुमाला जबरदस्तीनं बसवलं असतं तर माझ्या सगळ्या आयुष्याच्या पूजा कशावरनं खऱ्या, असं मला वाटत राहिलं असतं." मी नागरिकशास्त्रात दरवर्षी मुलांकडून सदसद्विवेकबुद्धी हा शब्द पाठ करून घ्यायची. घटनेत आहे तो, त्याच्या स्वातंत्र्याची हमी आहे. अर्ध्या मुलांना तो उच्चारता येत नसे, उरलेल्या अर्ध्यांना अर्थ येत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही तो पुस्तकातलाच वाटायचा, सरकारनं आपल्याला द्यायचा. तो समोरच्या माणसानंही द्यायचा असतो, आणि देताना त्याचं काहीतरी जातं, हे मला भाकरीच्या त्या डब्यापाशी पहिल्यांदा कळलं.

आणि सरांचं गेलंच. नास्तिक बाईचा स्वामी म्हणून गावभर नाव झालं. कितीतरी जुन्या यजमानांनी त्यांना बोलावणं बंद केलं. त्यांना त्याचं फारसं वाटलं नाही, निदान दाखवलं नाही. पण त्यांच्या बायकोला, गौराक्कांना, फार लागलं. गौराक्का म्हणजे कडक बाई. पहाटे अंघोळ, ओल्या केसांनी लिंगपूजा, तोवर घोटभर पाणीसुद्धा नाही. नवरा-बायको समोरासमोर आसनं घालून पूजेला बसत. मी त्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी मला दारातच ऐकवलं. "तुमी एकदा न्हाई म्हणून मोकळ्या झाला बाई. सासऱ्यापासनं चालत आलेली यजमानांची घरं तुटली आमची. पाच मिंटं बसला असता तर तुमचं काय झिजलं असतं?" सर आतून म्हणाले, "गौरा, चहा टाक." त्यांनी चहा टाकला, पण माझ्यापुढं कप ठेवताना जो आवाज केला तो मला अजून ऐकू येतो. बरीच वर्षं आमचं बोलणं या-बसा-निघते एवढंच होतं. शेंगाची चटणी मात्र दर खेपेला पुडीत बांधून मिळायची. राग माझ्यावर होता, चटणीवर काढला नाही कधी.

सर म्हणजे काही शांतीचा पुतळा नव्हते. माझ्यावर एकदा असे उखडले होते की विचारू नका. शाळेत विज्ञानाला एक नवीन शिक्षक आले होते, तरुण, हुशार, माझ्याच विचारांचे. मला ते फार आवडायचे. त्यांनी वर्गात नियम काढला, विज्ञानाच्या तासाला कपाळावर काही नको. विभूती, टिळा, गंध, सगळं नळावर धुऊन या, मग बसा. एक मुलगी विभूती पुसायला तयार नव्हती, तिला त्यांनी तासभर दाराबाहेर उभं केलं. सर माझ्या खोलीत आले, बसले नाहीत.

"बाई, तुमाला ठाऊक हाय का हे?"

"ऐकलं," मी म्हटलं. "पद्धत चुकली असेल, पण हेतू..."

"हेतू तुमच्या वडिलांचाबी चांगलाच होता की. पावणे उपाशी होते." ते इतक्या जोरात बोलले की बाहेरचा शिपाई डोकावला. "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं चालवू नका बाई. पाणी कुणीबी ओतू दे, भिजतंय ते बकरूच."

मला राग आला. माझ्याच घरातली गोष्ट माझ्याच तोंडावर फेकली म्हणून जास्त आला. पण त्या दुपारी मी त्या शिक्षकांना बोलावून सांगितलं की नियम मागं घ्या आणि त्या मुलीला वर्गासमोर तसं सांगा. त्यांनी घेतला, सांगितलं, आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मी संध्याकाळी सरांना म्हटलं, "झालं तुमच्या मनासारखं. माझ्या बाजूचा एकुलता एक माणूस गेला." तर म्हणाले, "मी हाय की." मी त्यांच्या बाजूची नव्हते आणि ते माझ्या बाजूचे नव्हते, हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं, तरी मला त्या तीन शब्दांनी जेवढा धीर आला तेवढा दुसऱ्या कशानं कधी आला नाही.

आम्ही दोघंही निवृत्त झाल्यावर ते रविवारी दुपारी माझ्याकडं यायचे. जुनी स्कूटर, डोक्यावर टोपी, पिशवीत भूमितीची एखादी आकृती काढलेला कागद. मला भूमिती कळत नाही हे ठाऊक असूनही समजावत बसायचे. देवावर वाद व्हायचा, पण त्यात दोघांपैकी कुणी जिंकायला बसलेलं नसायचं. मी त्यांना देव नाही हे कधी पटवून दिलं नाही आणि त्यांनी मला कधी हात जोड म्हटलं नाही. शेजारच्या बाई एकदा म्हणाल्या, "एवढे पूजापाठवाले तुमच्याकडं कसे येतात हो?" मी म्हटलं, "चालत येत नाहीत, स्कूटरवर येतात." दुसरं काय सांगणार?

असाच एक रविवार. शेवटचा, हे तेव्हा माहीत नव्हतं. शेंगापोळी पुढं ठेवली, त्यांनी तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. डावा हात उघडून त्याच्याकडं बघत बसले. मला वाटलं हात दुखतोय.

"बाई, एक सांगू? कुणाला बोललो न्हाई. ते गेलं."

"काय गेलं?"

"देव." मग म्हणाले, "काय झालं न्हाई बरं का. कोण मेलं न्हाई, कुणी फसवलं न्हाई. दिवाळीच्या आसपास एका सकाळी लिंग हातावर घेतलं आणि हातावर नुसता दगड होता... दुसऱ्या दिवशी परत घेतलं. तसंच. मी बरेच दिवस वाट बघितली बाई. वाटलं, येईल. न्हाई आलं."

मला काय वाटलं असेल, सांगा. जन्मभर ज्या माणसाशी वाद घातला तो माझ्या बाजूला येऊन बसला होता. आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली, सरळ सांगते, भीती वाटली. त्यांचा देव माझा कधीच नव्हता, पण तो त्यांच्याकडं आहे, या गोष्टीला मीसुद्धा कुठंतरी टेकून बसले होते, हे मला तो गेल्यावर कळलं. मी विचारलं, "मग आता पूजा?"

"बसत न्हाई. कसा बसणार? मनात न्हाई आणि पाटावर बसायचं, हे दुसऱ्याला करू दिलं न्हाई, मी कसं करू? गौराला सांगितलंय, गुडघे दुखतात, मांडी घालता येत न्हाई." ते ओशाळून हसले. "आयुष्यात पैल्यांदा घरात खोटं बोलतोय. ती एकटीच बसते आता. समोरचं माझं आसन मात्र रोज घालती. मी खुर्चीत बसून बघतो." मोडलेला तुकडा त्यांनी ताटलीच्या कडेला सरकवला आणि म्हणाले, "तिला सांगू का, बाई?"

ते सगळ्या शाळेला सल्ला देणारे गृहस्थ, आणि विचारत होते मला. माझ्या जिभेवर दोन्ही उत्तरं होती. मी म्हटलं, "तुम्ही मला त्या दिवशी बस म्हणाला नाहीत. मीही तुम्हाला काही म्हणणार नाही."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "विचार करतो." पोळी खाल्ली, कागदावरची आकृती समजावली, स्कूटरला किक मारली आणि गेले. त्यानंतर मला फोन आला तो महादेवीचाच.

आता ध्यानात येईल, त्या दिवशी मी भगव्या वस्त्राकडं का बघत होते. ज्या माणसानं माझ्या मनात नसलेली गोष्ट माझ्या हातून होऊ दिली नाही, त्याच्या हातात त्याच्याच मनात नसलेली गोष्ट बांधून लोक त्याला मातीत बसवत होते, आणि मी बायकांच्या घोळक्यात मागं उभी होते. बोलले असते तर? कुणाच्या हक्कानं बोलणार? त्यांनी सांग म्हटलं नव्हतं. विचार करतो म्हटलं होतं, आणि विचार पुरा झाला की नाही हे सांगायला ते राहिले नव्हते. शिवाय समोर गौराक्का होत्या, त्यांचं सगळं ज्यावर उभं होतं ते मी अशा वेळी काढून घेऊ? लोक बेल वाहत होते, विभूती टाकत होते, माती लोटत होते. मीही एक मूठ माती लोटली. मातीला काही हरकत नव्हती. घरी आले, कूलर लावला आणि झोपले. झोप चांगली लागली, याचंच नंतर वाईट वाटलं.

नंतर मी रोज ठरवायची, आज जाऊन गौराक्कांना सांगू, आणि रोज दुसरं काम काढायची. डबे घासले. पुस्तकं उन्हात घातली. रविवारी दुपारी दोन कप काढले, एक परत ठेवला. रडू आलं नाही. शेवटी निरोप तिकडूनच आला. महादेवीनं फोन केला, आई बोलावतेय, एकट्याच या म्हणालीय.

गौराक्का पुढच्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. मला खुर्ची दिली, ती सरांची होती. मी त्यांच्यासमोर खालीच बसले. त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"बाई, तुमी खोटं बोलत न्हाई, म्हणून तर आमची घरं तुटली. आता मी विचारते ते सांगा. शेवटी शेवटी ते पूजेला बसत नव्हते. कशामुळं?"

जो प्रश्न मी इतके दिवस चुकवत होते तो असा समोर आला. गुडघे, म्हणता आलं असतं. बाईचं वय, तिचं दुःख, तिची पहाटेची अंघोळ, सगळं माझ्या डोळ्यांपुढं होतं. पण तिनं विचारलं होतं. ज्यानं विचारलंय त्याला खरं सांगायचं नाही, हा त्याचाही अपमानच की. मी म्हटलं, "गौराक्का, गुडघे दुखत नव्हते. त्यांच्या मनातून गेलं होतं."

त्यांनी मान हलवली. डोळे कोरडेच होते, माझ्यासारखे. "तुमाला सांगितलं तर," त्या म्हणाल्या. "बरं झालं, कुणाला तरी सांगितलं. मला वाटलं, एकटेच वागवत गेले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? गुडघे दुखणारा माणूस रोज गच्चीवर चढून पाण्याच्या टाकीत डोकावतो व्हय? मी समोर बसून पूजा करायची आणि ते खुर्चीतनं बघायचे. बघणाऱ्याचं तोंड दिसतं की बाई. लई रडले मी, न्हाणीत जाऊन. एकदा वाटलं भांडावं. मग म्हटलं, शाळेतल्या बाईला त्यांनी बस म्हटलं न्हाई, मी त्यांना कसं म्हणू? मी आपलं आसन घालत होते. आलं मनात तर बसतील, न्हाई तर ऱ्हाऊ दे."

मी जे ओझं म्हणून घेऊन बसले होते ते या बाईनं माझ्या आधीपासून उचललेलं होतं, आणि तिला ते माझ्यापेक्षा कितीतरी जड होतं. तरीही जे टोचत होतं ते मी बोलले. "मग त्या दिवशी त्यांच्या हातात..."

"न्हवतं," गौराक्का म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"अंघोळ मी घातली त्यांना. लिंग मी काढून घेतलं. हातात बेलाची पानं दिली आणि बोटं मिटली, अशी." त्यांनी आपल्या उजव्या हातानं डाव्या हाताचं एकेक बोट मिटवून दाखवली. "वरनं कापड बांधलं. भावकीतल्या स्वामींनी विचारलं, लिंग हाय नव्हं हातात? मी म्हटलं, व्हय. तिथं हात उघडून कोण बघणार होतं? मला पाप लागणार, ते मला ठाऊक हाय. लागू दे. मनात न्हाई तर हातात कशाला? मातीत त्यांना एकट्याला बसायचं होतं, मला न्हाई."

मी विचारलं, हे लिहू का. नाही म्हणाल्या असत्या तर हा लेख कपाटात राहिला असता. त्या म्हणाल्या, "लिहा. भावकी बोलंल, बोलू दे. सगळे म्हणतात, स्वामीसर असे देवमाणूस, तसे देवमाणूस. ते जसे होते तसे कुणीतरी सांगाय पायजे." महादेवीलाही त्यांनी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती आत स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज थांबला होता.

मग मी ते विचारलं जे मला विचारायचं नव्हतं. "आणि ते... आता कुठं आहे?"

गौराक्कांनी पदर बाजूला केला. गळ्यात दोन दोरे होते. दोन्हींना चांदीच्या डब्या, एक लहान, एक थोडी मोठी आणि धरून धरून गुळगुळीत झालेली.

"असं चालत न्हाई," त्या म्हणाल्या. "एकाचं दुसऱ्यानं घालायचं नसतं. पोरीला सांगून ठेवलंय, माझ्या वेळंला डाव्या हातात माझं ठेव, उजव्या हातात त्यांचं. त्यांच्या मनात नव्हतं बाई. माझ्या हाय की."

दोन्ही डब्या त्यांनी पुन्हा पदराआड सारल्या.